मोज्यातली काच

सकाळचे सात पन्नास. बाहेर उणे आठ अंश सेल्सिअस, रात्री पडलेला बर्फ ड्राइव्हवेवर तसाच. आठ-पाचला स्कूलबस आमच्या कोपऱ्यावर येते आणि ती कुणासाठी थांबत नाही. साडेआठला माझी ऑफिसची मीटिंग. आणि आमचा बंडू सोफ्यावर अनवाणी बसलेला. समोर जमिनीवर मोज्यांचे चार जोड. चारही एकदा घालून, काढून, फेकून झालेले.

"बाबा, सॉकमध्ये काच आहे."

मी मोजा हातात घेतला. उलटा केला, झटकला, आत बोटं घालून फिरवली. काच सोडाच, वाळूचा कणसुद्धा नव्हता. घड्याळात सात चोपन्न. "काही नाहीये त्यात. नाटकं बंद कर आता," असं म्हणून मी त्याचा पाय गुडघ्यात धरला, मोजा चढवला, वरून स्नोबूट आणि त्याची पट्टी घट्ट ओढली. दुसऱ्या पायाचंही तेच. तो आधी रडला, मग किंचाळला आणि मग एकदम गप्प झाला. बसमध्ये चढताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. आठ-पाचची बस मिळाली म्हणून मला मात्र हायसं वाटलं.

अकराच्या सुमाराला शाळेतून फोन आला. बंडू सकाळपासून टेबलाखाली बसून होता. उजवा पाय टेकवतच नव्हता. शेवटी शिक्षिकेने बूट-मोजे काढले, तेव्हा कुठे शांत झाला. पाय सुजलेला नव्हता, कुठे कापलेलं नव्हतं. बोटांवरून आडवी जाणारी, मोज्याच्या शिवणीची एक लालसर रेघ तेवढी होती. "घरी पायाला काही लागलं होतं का?" बाईंनी विचारलं. मी "नाही" म्हटलं. पुढे काय सांगावं ते सुचलं नाही.

ही अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर जवळजवळ पंधरा दिवस मी कपड्यांचं कपाट उघडलं की बंडू त्या खोलीतून निघून जायचा. मुलाने बापाला घाबरावं असं काही मी केलंय, हे पचवायला मला त्याहून जास्त दिवस लागले.

मी मूळचा सांगलीचा. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, चार वर्षं हिंजवडीत काढली आणि गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत आहे. बायको इथल्याच एका औषध कंपनीत काम करते. मुलाचं खरं नाव इथे देत नाही, कारण उद्या मोठा झाल्यावर तो हे वाचेल आणि त्याच्याविषयी जगाला काय सांगायचं ते ठरवायचा हक्क त्याचा आहे. बंडू हे त्याच्या आजोबांनी ठेवलेलं लाडाचं नाव. आता तो आठ वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. इथे अठरा आणि चोवीस महिन्यांच्या तपासणीत बालरोगतज्ज्ञ पालकांकडून एक प्रश्नावली भरून घेतात. तिथे पहिल्यांदा शंका आली, मग पुढच्या तपासण्या झाल्या. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२५ साली दिलेल्या आकडेवारीनुसार, त्यांनी पाहणी केलेल्या भागांत आठ वर्षांच्या दर ३१ मुलांमागे एका मुलाला ऑटिझम आहे. म्हणजे तुम्ही परदेशात असा नाहीतर महाराष्ट्रात, तुमच्या नात्यात, शेजारात किंवा मंडळाच्या गणपतीत असं एखादं मूल असणारच.

मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द चांगल्या हेतूने केलेला आहे, पण आमच्या घरात तो फारसा रुजला नाही. स्वमग्न म्हटलं की स्वतःत बुडालेला, बाहेरचं काही न जाणवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. आमच्या बंडूचं नेमकं उलट आहे. त्याला बाहेरचं फार जाणवतं. ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येते, शेजारच्यांच्या फोडणीचा वास सगळ्यांच्या आधी येतो आणि अंगावरच्या कपड्याचा धागान् धागा कळतो.

हे मला समजावून सांगितलं ते बंडूच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने. इथे सगळे त्यांना 'ओटी' म्हणतात. त्या फोननंतरच्या आठवड्यात मी तिला झालेला प्रकार सांगितला. तिने मला काही सुनावलं नाही. फक्त विचारलं, "तुम्ही सकाळी मनगटावर घड्याळ बांधलंत. आत्ता मी म्हणेपर्यंत ते हातावर आहे हे तुम्हाला जाणवत होतं का?"

नव्हतं जाणवत. घड्याळ बांधल्यावर मिनिटभर त्याचा स्पर्श कळतो, मग मेंदू ती बातमी देणं बंद करतो. चष्मा, अंगठी, बनियन, चड्डीचं इलॅस्टिक, सगळ्याचं तेच. नाहीतर आपण दिवसभर दुसरं काही करूच शकलो नसतो. काही मुलांच्या बाबतीत ही बातमी बंद होत नाही. सकाळी आठ वाजता मोज्याची शिवण जेवढी टोचली, तेवढीच ती अकरा वाजताही टोचत असते, कदाचित जास्तच.

मी इंजिनिअर माणूस. कुणी काही सांगितलं की पुरावा शोधल्याशिवाय चैन पडत नाही. शोधताना लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातलं २०१५ सालचं एक संशोधन सापडलं. त्यांनी मुलांच्या मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना त्यांना रहदारीचा आवाज ऐकवला आणि त्याच वेळी हातावर खरखरीत लोकरी कापड घासलं. हा त्रास पुन्हा पुन्हा दिल्यावर इतर मुलांच्या मेंदूची प्रतिक्रिया हळूहळू कमी होत गेली. पण स्पर्श आणि आवाज फार लागणाऱ्या ऑटिझमच्या मुलांमध्ये, भीतीशी संबंधित असलेल्या अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया तशी उतरली नाही. 'घाल, घाल, पाच मिनिटांत सवय होईल' हे आपलं नेहमीचं वाक्य. ज्या मुलाला ते ऐकवायचं, त्याच्याच बाबतीत ते खोटं ठरतं.

निदानाच्या नियमांतही ही गोष्ट तशी अलीकडेच आली. अमेरिकेत मानसिक विकारांच्या निदानासाठी जे पुस्तक प्रमाण मानतात, त्याच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ऑटिझमच्या लक्षणांमध्ये संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे पहिल्यांदा स्पष्टपणे घातलं गेलं. पण ज्यांना ऑटिझम आहे ती माणसं हे कितीतरी आधीपासून सांगत होती. टेंपल ग्रँडिन हे नाव अनेकांना माहीत असेल. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात पशुविज्ञान शिकवणाऱ्या या बाईंना स्वतःला ऑटिझम आहे. लहानपणी चर्चला जाताना घालावे लागणारे खरखरीत परकर त्यांना कसे सँडपेपरसारखे घासायचे, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. आतल्या कपड्यांचा नवा प्रकार असेल तर मोठेपणीही सवय व्हायला आपल्याला काही दिवस लागतात, असं त्या सांगतात. त्याच बाईंनी तरुणपणी, मावशीच्या रँचवर गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा पाहून, स्वतःला घट्ट दाबून घ्यायचं यंत्र बनवलं होतं. त्यात त्यांना शांत वाटायचं.

हलका स्पर्श नको आणि घट्ट दाब हवा, हे मला आधी कोडंच वाटलं होतं. बंडू गालावरून हात फिरवला की अंग चोरतो, पण सोफ्याच्या दोन उश्यांमध्ये स्वतःला दाबून घेऊन अर्धा अर्धा तास मजेत पडतो. ओटी म्हणाली, यात विचित्र काही नाही. अंगावर मुंगी फिरली की तुम्हीही दचकता, पण कुणी पाठ चेपून दिली की डोळे मिटता. त्याचं दचकणं फक्त तुमच्या कितीतरी पट आहे.

मग मी माझ्या धंद्यातलं एक काम केलं. एखादा बग पुन्हा पुन्हा येतो पण कधी येईल ते कळत नाही, तेव्हा आम्ही आधी नोंदी काढतो. मी एक एक्सेल शीट उघडलं. कपडा कोणता, कापड काय, नवा की धुतलेला, शिवण आणि लेबल कुठे, आदल्या रात्री झोप किती, शाळेत काही वेगळं घडलं का आणि अंगावर किती वेळ टिकला. बायको म्हणाली, "पोराचं जिरा तिकीट केलंस की काय!" पण तीही रोज नोंदी भरायला लागली. सहा आठवडे आम्ही हे केलं.

त्यातून जे निघालं ते आमच्या समजुतीपेक्षा बरंच वेगळं होतं. त्याला 'जाड कपडे आवडत नाहीत' असं आम्ही धरून चाललो होतो. नोंदी सांगत होत्या की जाडीचा संबंध नाही. सैल, मनगटावर हलणारी लांब बाही चालत नाही आणि अंगाला चिकटून बसणारी, थोडी ताणणारी चालते. नवा कपडा बहुतेक वेळा नापास होतो, पण तोच सहा-सात धुण्यांनंतर पास होतो, कारण नव्या कापडाची खळ आणि दुकानाचा वास गेलेला असतो. लेबल कापून टाकणं हा आम्हाला अक्कलहुशारीचा उपाय वाटायचा, पण कापल्यावर मागे राहिलेली दोन मिलिमीटरची ताठ कड लेबलापेक्षा जास्त टोचते. ते टाके उसवूनच काढावं लागतं. आणि मोज्याचा दोष होता बोटांवरच्या आडव्या शिवणीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटच्या दोन रकान्यांनी सांगितली. ज्या दिवशी शाळेत आगीच्या सरावाचा भोंगा वाजला, किंवा रात्री झोप झाली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमीचा, आवडता, धुवून धुवून मऊ झालेला टी-शर्टसुद्धा नापास. काल चालला तो कपडा आज का चालत नाही, या प्रश्नावर आम्ही 'हट्ट' असं उत्तर देऊन मोकळे झालो होतो. खरं उत्तर असं होतं की आज त्याच्याकडे सोसायला काही उरलेलंच नव्हतं.

त्याप्रमाणे आम्ही घर बदललं. बिनशिवणीचे मोजे आणले. ते मिळेपर्यंत साधे मोजे उलटे करून, शिवण बाहेर ठेवून घातले. बिनवासाचा साबण सुरू केला. एकाच राखाडी टी-शर्टचे वाढत्या मापाचे सहा नग घेतले आणि पुढच्या वर्षीचे आत्ताच धुवायला टाकले. लेबलाऐवजी आतून छापलेले, सपाट शिवणीचे मुलांचे कपडे आता इथल्या मोठ्या दुकानांत सहज मिळतात. टार्गेटने २०१७ साली असे कपडे काढले, ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने पुढच्याच वर्षी. त्यामुळे हे फार महागाचं काम राहिलेलं नाही. सकाळी कपडे घालण्याआधी हात-पाय-पाठ घट्ट दाबून चोळून द्यायची. 'काय घालतोस?' असं न विचारता दोन कपडे समोर ठेवायचे आणि त्यातलं एक त्याने उचलायचं.

सगळंच जमलं असं नाही. एक वजनदार जॅकेट हौसेने मागवलं होतं, त्याने काडीचाही फरक पडला नाही. नंतर वाचलं तर अशा जॅकेटांच्या उपयोगाचा पुरावा मुळातच कच्चा आहे. संवेदनांवरच्या थेरपीबद्दलही अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच पालकांना सांगून ठेवलंय की इतर उपचारांच्या जोडीने ती जरूर करा, पण संशोधन अजून मर्यादित आहे, तेव्हा फायदा होतोय का ते बघत राहा. आम्ही तेच करतो. आणि सगळी मुलं बंडूसारखी नसतात. आमच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबातली मुलगी अगदी उलट आहे. तिला जुलैच्या उकाड्यात चेन गळ्यापर्यंत ओढलेलं जॅकेट लागतं, कारण तो दाब तिला हवा असतो आणि आपण घामाने भिजलोय हे तिला लवकर कळतच नाही. आणखी एका मुलाला सोमवारी लालच शर्ट लागतो. त्याला काही टोचत नाही, सोमवार तसाच असला पाहिजे एवढंच. तिघांचीही तक्रार कपड्यांची, पण तिघांची कारणं वेगळी. म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

एवढं सगळं कळल्यावर मी स्वतःला शहाणा समजायला लागलो होतो. मग गेल्या डिसेंबरात आम्ही धाकट्या बहिणीच्या लग्नाला सांगलीला गेलो.

व्हिडिओ कॉलवर आईचं ठरलेलं वाक्य असायचं, "एवढे डॉलर कमावता आणि पोराच्या अंगावर कायम तोच बोळा?" मी दर वेळी ऑटिझम, मेंदू, स्पर्श वगैरे समजावायचो. आई "हो का, बरं" म्हणायची आणि पुढच्या कॉलला पुन्हा बोळ्यावर यायची. लग्नासाठी बहिणीने घरातल्या सगळ्या लहान मुलांना एकसारखी मोतिया रंगाची जरीची जॅकेटं शिवायला टाकली होती, खाली रेशमी कुर्ता. सात मुलं ओळीने उभी राहिलेला फोटो तिच्या डोळ्यांसमोर तयार होता. मी आधीच फोनवर सांगितलं होतं की बंडूला ते जमणार नाही. ती म्हणाली, "दादा, फक्त दहा मिनिटं. एका फोटोपुरतं." मलाही वाटलं, दहा मिनिटं काय, करून बघू.

लग्नाच्या चार दिवस आधी, सोप्यावर, पाहुण्यांनी भरलेल्या घरात मापाची तयारी निघाली. कुर्ता डोक्यातून खाली उतरेपर्यंत बंडू कसाबसा उभा राहिला. जॅकेटची आतली जरीची कड मानेला लागली आणि तो असा किंचाळला की अंगणातले लोक आत आले. मी सोडवायला गेलो तर माझ्या हाताला चावला. जॅकेटचं एक बटण तुटलं. एक काकू म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो." दुसऱ्या कुणीतरी, "एक रट्टा दिला असता की सरळ झाला असता," असं हळू पण मला ऐकू येईल इतपत म्हटलं. बायको बंडूला घेऊन माडीवर गेली. मी तिथेच उभा होतो. सगळ्यांसमोर लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय याचीही लाज वाटत होती.

आई काही बोलली नाही. रात्री सगळे झोपल्यावर ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली.

"अण्णा असाच होता," ती म्हणाली.

अण्णा म्हणजे माझा मामा, आईचा मोठा भाऊ. मिरजेला एकटा राहतो, फारसा कुणात मिसळत नाही. आम्ही भाचरं त्याला लहानपणापासून 'विक्षिप्त' म्हणूनच ओळखतो. आई सांगत होती, "दर दिवाळीला नवे कपडे आले की अण्णाचा मार ठरलेला. त्याला नवं कापड सोसायचंच नाही. काढून टाकायचा आणि विरलेला बनियन घालून माळ्यावर जाऊन बसायचा. आप्पा त्याला खाली ओढून आणायचे आणि छडीने मारायचे. सणाच्या दिवशी! आम्ही बहिणी दाराआडून बघायचो. आम्हालाही वाटायचं, एवढं काय, घालावं ना गप. एकदा मला म्हणाला होता, 'माई, त्यात सुया आहेत गं.' मी सगळा सदरा चाचपला. एकही सुई नव्हती. मी जाऊन आप्पांना सांगितलं की अण्णा खोटं बोलतोय."

मला माझ्या बोटांत तो मोजा पुन्हा जाणवला.

मामाला ऑटिझम आहे की नाही हे मी ठरवणार नाही. तपासल्याशिवाय ते कुणीच सांगू शकत नाही, आणि कपडे टोचतात म्हणजे ऑटिझमच असं मुळीच नाही. ज्यांना ऑटिझम नाही अशा अनेक मुलांना, मोठ्यांनाही हा त्रास असतो. पण 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' या वाक्याचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. होतं. त्याला तेव्हा मार मिळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने जुनी ट्रंक उघडली. त्यातून तीन कापडं काढून तिने चटईवर ठेवली आणि बंडूच्या शेजारी बसली. त्याला हात लावला नाही, काही म्हणाली नाही. बंडूने बऱ्याच वेळाने एकेक कापड बोटांत धरून पाहिलं, मग एक उचलून गालाला लावलं. ते माझ्या आजीचं सुती लुगडं होतं, वर्षानुवर्षं धुवून सायीसारखं झालेलं. आईने पायाच्या मशीनवर त्याची एक बिनबाह्यांची बंडी शिवली. सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला. मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "सांगायचं काय त्यात? तुझी झबली अशीच शिवली होती मी. जुन्या लुगड्याची, शिवण बाहेर. तान्ह्या बाळाला टोचू नये म्हणून. तान्हं बाळ बोलत नाही, तर आपण त्याचं ऐकतो. बोलायला लागलं की आपण ऐकायचं सोडतो."

अठ्ठेचाळीस टॅब उघडून, सहा आठवडे नोंदी करून मी जिथे पोचलो होतो, तिथे माझी आई एका ट्रंकेच्या वाटेने पोचली होती. फरक एवढाच की मी सगळं मोजलं होतं आणि तिने आधी त्याला विचारलं होतं.

लग्नाच्या दिवशी काही चमत्कार वगैरे झाला नाही. हळद लावायला आम्ही कुणाला येऊ दिलं नाही. मंगलाष्टकांच्या वेळी बंडू आवाज अडवणारे हेडफोन लावून माझ्याबरोबर हॉलच्या शेवटच्या दाराशी उभा होता, कारण डोक्यावर अक्षता पडणं त्याला सोसलं नसतं. फोटोसाठी तो आला. सहा मुलं मोतिया जरीत आणि सातवा आजीच्या लुगड्याच्या बंडीत, उलट्या शिवणींसकट. फोटोग्राफरने त्याला कडेला उभं करायला सांगितलं, तर बहिणीने स्वतः उठून त्याला आपल्या पुढ्यात घेतलं. चाळीस मिनिटांनी "बास" म्हणाला. आम्ही त्याला राखाडी टी-शर्ट घातला आणि घरी नेलं. रट्टा सुचवणाऱ्यांचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही.

जेवणाच्या पंगतीआधी अण्णामामा येऊन गेला होता. कॉलर नसलेला, विटलेला सदरा, नेहमीचाच. कुणाशी काही बोलला नाही. बंडूजवळ थांबला, त्याच्या बंडीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं आणि म्हणाला, "मऊ आहे." बंडू म्हणाला, "हो." एवढंच त्यांचं बोलणं.

हे सगळं लिहायचं कारण, सुट्टीत भारतात जाणारी आमच्यासारखी अनेक कुटुंबं आहेत आणि त्यांची वाट बघणारे आजी-आजोबा, काका-आत्या हे वाचत असतील. तुमच्या घरी असं मूल येणार असेल तर नवे कपडे हौसेने जरूर घ्या, पण आधी पालकांना विचारून. घेतलेच तर चार-पाच वेळा धुवून ठेवा. औक्षण करताना कपाळाला हात लावण्याआधी त्याला सांगा, तो नको म्हणाला तर ताट नुसतं ओवाळा. आशीर्वाद तेवढाच पोचतो. हार, टोपी, फेटा हे सगळं ऐच्छिक ठेवा. शाळेचा टाय, पट्टा, कडक कॉलर आणि नायलॉनचे मोजे ही आपल्याकडच्या मुलांची मोठी परीक्षा असते. शाळेशी बोला, डॉक्टरांची चिठ्ठी द्या. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, तेव्हा मागताना संकोच बाळगायचं कारण नाही. अमेरिकेत शाळेबरोबर मुलाची जी वैयक्तिक शिक्षण योजना ठरते, तिच्यात हे सगळं लिहून घेता येतं.

काही ठिकाणी मात्र सोडून चालत नाही. उणे आठमध्ये अनवाणी पाठवता येत नाही. तिथे आतून चिकटून बसणारा मऊ थर आणि वरून सैल कोट, असा मार्ग काढावा लागतो, आणि तो बर्फ पडायच्या आत ऑक्टोबरातच सुरू करावा लागतो. आणि काल-परवापर्यंत चालणारे कपडे मूल अचानक नाकारायला लागलं, तर आधी त्वचा बघा. पुरळ, खरूज, कुठे लागलेलं. बोलता न येणाऱ्या मुलाला दुखतंय हे कपड्यांतूनच पहिल्यांदा कळू शकतं.

या जानेवारीत पुन्हा एकदा सात पन्नास वाजले होते. या वेळी हातमोजे.

"बाबा, काच आहे."

मी हातमोजा उलटा केला आणि त्याच्यापुढे धरला. "कुठे?" त्याने बोटाने जागा दाखवली. अंगठ्याच्या कोपऱ्यात, मशीनवर गाठ मारून कापलेल्या नायलॉनच्या दोऱ्याचं एक टोक होतं, तांदळाच्या कणीएवढं. मी आधी तिथूनच बोट फिरवलं होतं आणि मला काही लागलं नव्हतं. कात्री शोधली, दोरा कापला, गाठ दाबून बसवली. त्याने हातमोजा घातला, मूठ दोनदा उघडली-मिटली.

तोवर बस निघून गेली होती. मीटिंगला दहा मिनिटं उशीर होईल असं कळवलं आणि त्याला गाडीने शाळेत सोडून आलो.